फाटकावरच्या एकवीस मागण्या

पोलंडमधल्या ग्दान्स्क या बंदराच्या शहरात, लेनिन जहाज कारखान्याच्या दोन नंबर फाटकावर १८ ऑगस्ट १९८० रोजी प्लायवूडच्या दोन फळ्या टांगल्या गेल्या. त्यांवर हाताने रंगवलेल्या एकवीस मागण्या होत्या. आत हजारो कामगार ठाण मांडून बसले होते. बाहेर त्यांची माणसे आणि गावातले लोक फाटकाच्या गजांतून पाव आणि फुले पोचवत होते, आणि येता-जाता त्या फळ्या वाचत होते. वाचणाऱ्याला त्यांत पगार, पेन्शन, मांस, पाळणाघर, घरासाठीची प्रतीक्षायादी असे रोजचेच विषय दिसत. सरकार उलथून टाका, असे कुठेही लिहिलेले नव्हते. समाजवाद नको, सोव्हिएत संघाशी युती नको, निवडणुका घ्या, यांतलेही काही नव्हते. तरीही नऊ वर्षांनी त्या देशातली एकपक्षीय राजवट गेली, आणि ती घालवणाऱ्या ‘सॉलिडॅरिटी’ या संघटनेचा जन्म त्या फळीवरच्या पहिल्या ओळीतून झाला होता.

ही यादी समजून घ्यायची तर दहा वर्षे मागे जावे लागते. १९७० च्या डिसेंबरात, नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना, सरकारने खाद्यपदार्थांचे भाव वाढवले. ग्दान्स्क, ग्दिनिया आणि श्चेचिन या किनाऱ्यावरच्या शहरांत कामगार रस्त्यावर उतरले. ग्दान्स्कमध्ये जमावाने सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीला आग लावली. सरकारने सैन्य आणले. १७ डिसेंबरला ग्दिनियात सकाळच्या पाळीला कामावर निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या आठवड्यात किनाऱ्यावर मिळून ४५ माणसे मेली, हा सरकारी आकडा. पक्षप्रमुख गोमुल्का गेले आणि एडवर्ड गिएरेक आले. म्हणजे दंगलीने नेता बदलला, बाकी सारे तसेच राहिले. मेलेल्यांचे नाव घेण्याचीही सोय नव्हती. काहींना रात्री, गुपचूप पुरण्यात आले.

गिएरेक यांनी पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज काढून कारखाने उभारले आणि काही वर्षे दुकाने भरलेली ठेवली. कर्ज फेडायची वेळ आली तसे भाव पुन्हा वाढवावे लागले. जून १९७६ मध्ये मांस सुमारे ६९ टक्क्यांनी महाग झाल्याचे जाहीर होताच रादोम शहरात आणि वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यात उद्रेक झाला. भाववाढ दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली, पण पकडलेल्या कामगारांना पोलिसांच्या दुतर्फा रांगांमधून दंडुक्यांचा मार खात पळवण्यात आले आणि शेकडोंच्या नोकऱ्या गेल्या.

यातून विरोधकांनी दोन धडे घेतले. पहिला रस्त्यासंबंधी. रस्त्यावर सरकारकडे रणगाडे असतात, कामगाराकडे फक्त दगड. कारखान्यात मात्र यंत्रे आणि फाटकाची किल्ली कामगाराकडे असते. म्हणून मोर्चा काढायचा नाही, कारखान्यातच बसायचे. दुसरा धडा इतिहासाचे अभ्यासक आणि जुने तुरुंगवासी यात्सेक कुरोन यांच्या नावाने सांगितला जातो. पक्षाच्या कमिट्या जाळत बसण्यापेक्षा स्वतःच्या कमिट्या काढा, असा त्याचा आशय. सप्टेंबर १९७६ मध्ये कुरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी एक काढलीही. ‘कामगार बचाव समिती’ हे तिचे नाव. बडतर्फ कामगारांना वकील देणे, त्यांच्या घरी पैसे पोचवणे, त्यांच्यावर झालेला अन्याय नाव-गावासह छापून काढणे, हे तिचे काम. समितीने स्वतःच्या सभासदांची नावे आणि पत्तेही उघड छापले. गुप्त कट करणाऱ्या टोळीला चिरडणे सरकारला सोपे असते. दाराला नावाची पाटी लावून बसलेल्या माणसांचे काय करावे, हे त्याला चटकन सुचत नाही.

एप्रिल १९७८ मध्ये ग्दान्स्कला ‘किनारपट्टीच्या स्वतंत्र कामगार संघटना’ या नावाने मूठभर माणसे एकत्र आली. त्यांत अभियंता आंद्झेय ग्वियाझ्दा, क्रेन चालवणाऱ्या आना वालेंटिनोविच, कारखान्याच्या दवाखान्यातल्या परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का, इतिहासाचा पदवीधर बोगदान बोरुसेविच आणि नोकरीवरून काढलेले इलेक्ट्रिशियन लेक वालेसा हे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्राकोवचे कार्डिनल पोप झाले, आणि जून १९७९ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणून मायदेशी आले. त्यांच्या सभांना लाखो लोक जमले. व्यवस्था ठेवायला पोलीस जवळपास नव्हतेच, स्वयंसेवक होते. आपण इतके आहोत आणि शिस्तीने वागू शकतो, हे लोकांना त्या नऊ दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. पुढच्या वर्षीच्या संपात दारूबंदी पाळणाऱ्या कामगारांकडे पाहताना याची आठवण ठेवायला हवी.

१ जुलै १९८० ला मांसाचे भाव पुन्हा वाढले आणि देशात ठिकठिकाणी संप सुरू झाले. ग्दान्स्कच्या ठिणगीला मात्र एका बाईची नोकरी कारण झाली. ७ ऑगस्टला वालेंटिनोविच यांना, निवृत्तीला पाच महिने उरले असताना, कामावरून काढले. १४ ऑगस्टला पहाटे तीन तरुण कामगारांनी कपडे बदलायच्या खोल्यांतून पत्रके वाटत संप सुरू केला. वालेसा कुंपणावरून उडी मारून आत आले, ही गोष्ट पोलंडमध्ये आता दंतकथेसारखी सांगितली जाते. सुरुवातीच्या मागण्या मोजक्या होत्या. वालेंटिनोविच आणि वालेसा यांना परत घ्या, पगार वाढवा, १९७० मध्ये मेलेल्यांचे स्मारक बांधा.

व्यवस्थापनाने दोन दिवसांत यातले बहुतेक मान्य केले. १६ ऑगस्टच्या दुपारी वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर करून टाकले. इथेच सारे विझायचे. पण तोवर शहरातले इतर लहान कारखाने, ट्राम आणि बससेवा सहानुभूतीने बंद पडल्या होत्या, आणि जहाज कारखान्याने एकट्यापुरती तडजोड केली तर बाकीच्यांना कोणी विचारणार नव्हते. ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस यांनी ते तिथल्या तिथे सुनावले. वालेंटिनोविच आणि पिएन्कोव्स्का फाटकाकडे धावल्या आणि घरी निघालेल्या कामगारांना अडवू लागल्या. पुष्कळ निघून गेले, पण जे थांबले त्यांनी त्याच रात्री सगळ्या कारखान्यांची मिळून आंतर-कारखाना संप समिती स्थापन केली. एका कारखान्याचे भांडण गावाचे झाले आणि मागण्यांचे स्वरूपच बदलले. एकवीस कलमांची यादी या समितीची आहे. पोलंडच्या इतिहासात वालेसा यांचे नाव मोठे झाले ते योग्यच, पण ही यादी अस्तित्वात आली ती दोन-तीन बायकांनी त्यांचे ऐकले नाही म्हणून.

यादीतली पहिली मागणी अशी की, पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र अशा कामगार संघटनांना मान्यता द्यावी, आणि तीही पोलंडने स्वतः मंजूर केलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८७ क्रमांकाच्या करारानुसार. हा शेवटचा भाग फार हुशारीचा आहे. संघटनास्वातंत्र्याचा तो करार पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने १९५७ मध्ये मान्य केला होता. म्हणजे कामगार नवे काही मागत नव्हते, सरकारलाच त्याची सही दाखवत होते. तिसऱ्या मागणीतही हीच युक्ती आहे. भाषण, मुद्रण आणि प्रकाशन यांचे स्वातंत्र्य ‘राज्यघटनेने दिलेले’ म्हणून मागितले आहे. कायदा आपल्या बाजूला आहे आणि तो मोडणारे सरकार आहे, अशी मांडणी झाली की शांततेने बसलेल्या माणसाला बंडखोर ठरवणे कठीण जाते.

पोलंडमध्ये कामगार संघटना नव्हत्या असे नाही. जवळजवळ प्रत्येक कामगार सरकारी संघटनेचा सभासद होता. ती सुट्टीच्या सहली काढी, बटाटे स्वस्तात मिळवून देई आणि संप झाला की व्यवस्थापनाच्या बाजूने उभी राही. मुंबईच्या वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपातही पगार आणि बोनसच्या जोडीने एक मूळ तक्रार होती ती हीच, की कायद्याने मान्यता दिलेली युनियन आपली नाही आणि आपली आहे तिला कायदा मान्यता देत नाही. तुलना इथेच थांबवायला हवी. मुंबईत वर्तमानपत्रे होती, विरोधी पक्ष होते, निवडणुका होत्या. पोलंडमध्ये पक्षाच्या बाहेर एकही मोठी संघटना नव्हती; चर्च तेवढे होते. म्हणून तिथे एका स्वतंत्र युनियनला मान्यता देणे म्हणजे देशात पक्षाशिवाय दुसरे कोणी असू शकते हे मान्य करणे होते.

दुसरी मागणी संपाच्या हक्काची आणि संपकऱ्यांना हात न लावण्याची. चौथी जुन्या जखमांची. १९७० आणि १९७६ च्या संपांनंतर काढलेल्यांना कामावर घ्या, मतांसाठी विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना परत घ्या, राजकीय कैद्यांना सोडा. पाचवी म्हणते की, संप समितीची बातमी आणि तिच्या मागण्या वर्तमानपत्रांत, रेडिओवर, दूरदर्शनवर येऊ द्या. सहावी अशी की, देश आर्थिक संकटात आहे तर खरी परिस्थिती लोकांना सांगा आणि सुधारणांच्या चर्चेत सगळ्यांना घ्या.

इथून पुढे यादी घरात शिरते. सातवी मागणी संपाच्या दिवसांचा पगार देण्याची. आठवी दरमहा २,००० झ्लॉटी वाढीची; सरासरी पगार ६,००० झ्लॉटींच्या आसपास होता हे लक्षात घेतले तर ही लहान मागणी नव्हे. नववी म्हणजे आपल्याकडचा महागाई भत्ता, भाव वाढले की पगार आपोआप वाढावा. दहावी, आधी देशातल्या बाजारात माल पुरवा, उरला तर निर्यात करा. अकरावी आणि बारावी विशेषाधिकारांवर आहेत. पोलंडमध्ये पेवेक्स नावाची दुकाने होती. तिथे चांगला माल मिळे, पण डॉलर मोजून. पोलीस, गुप्त पोलीस आणि पक्षाचे पदाधिकारी यांच्यासाठी वेगळी दुकाने आणि वाढीव कुटुंबभत्ते होते. समतेच्या नावाने चाललेल्या राज्यात हे सहन होण्यासारखे नव्हतेच. कामगारांनी ते बंद करायला सांगितले आणि अधिकारी पक्षाचे सभासद म्हणून नव्हे, लायकी पाहून नेमा, असेही सांगितले. तेराव्या मागणीत मांसासाठी रेशन कूपने मागितली आहेत. कूपन असले की ओळखीपाळखीला वाव कमी राहतो, एवढाच त्यामागचा हिशेब. ती मागणी मान्यही झाली. एप्रिल १९८१ पासून मांस कूपनावर मिळू लागले. पुष्कळदा कूपन असे आणि मांस नसे.

उरलेल्या मागण्या निवृत्तीचे वय, जुन्या पेन्शनरांची पेन्शन, दवाखाने, पाळणाघरे, तीन वर्षांची पगारी बालसंगोपन रजा, घरासाठीची लांबलचक वाट, प्रवासभत्ता यांच्या. एकविसावी, शेवटची, शनिवारच्या सुट्टीची. सरकारला सगळ्यात जड जाणारी मागणी सर्वांत वर आणि शनिवारची सुट्टी सर्वांत खाली, हा क्रम मुद्दाम ठेवलेला होता. पण खालच्या मागण्यांना कमी लेखणे चूक ठरेल. भाषणस्वातंत्र्यासाठी लेखक-प्राध्यापकांनी याआधी अर्ज केले होते, आणि ते एकटे पडले होते. पाळणाघर आणि पेन्शन यादीत आल्यामुळे म्हातारी विधवा, तरुण आई, ट्रामचा कंडक्टर आणि कादंबरीकार एकाच फाटकासमोर उभे राहिले.

यादीत काय नाही, हे तितकेच महत्त्वाचे. मागण्या लिहिल्या जात असताना मुक्त निवडणुका आणि सेन्सॉर पूर्ण बंद करणे या दोन गोष्टी पुढे आल्या होत्या. बोरुसेविच यांनी त्या गाळायला लावल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर १९६८ चे प्राग होते. तिथे सेन्सॉरशिप उठवली गेली आणि दोन महिन्यांत सोव्हिएत रणगाडे आले. म्हणून कामगारांनी सेन्सॉर रद्द करा असे म्हटले नाही, स्वतंत्र छपाई करणाऱ्यांना छळू नका एवढेच म्हटले. समाजशास्त्रज्ञ यादविगा स्तानिश्किस यांनी पुढे या सगळ्याला ‘स्वतःला मर्यादा घालून घेणारी क्रांती’ असे नाव दिले. नेमस्तपणा आणि भित्रेपणा यांतला फरक इथे दिसतो. भित्रा माणूस मिळेल ते घेतो. हे लोक कमी मागत होते, पण मागितलेल्यातली पहिली ओळ सोडायला तयार नव्हते.

२३ ऑगस्टला उपपंतप्रधान मिएचिस्वाव यागिएल्स्की वाटाघाटींना आले. त्याआधी ग्दान्स्कचे बाहेरगावचे फोन तोडले होते. ते जोडल्याशिवाय बोलणी नाहीत, असे समितीने सांगितले. बोलणी बंद खोलीत झाली, पण ध्वनिक्षेपकांवरून सगळ्या कारखान्याला ऐकवली गेली. मंत्र्याला कामगारापुढे उत्तरे शोधताना ऐकणे, हा पोलंडच्या कामगारांसाठी नवा अनुभव होता. समितीच्या बाजूला तादेउश माझोविएत्स्की आणि ब्रोनिस्वाव गेरेमेक यांच्यासारखे सल्लागार बसले. महिन्याच्या अखेरीस ७०० हून अधिक कारखाने या एका समितीच्या मागे होते.

३१ ऑगस्टला करार झाला. वालेसा यांनी पोपचे चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनाने सही केली. सरकारने स्वतंत्र संघटना आणि संपाचा हक्क मान्य केला. बदल्यात नव्या संघटनेने राज्यकारभारात पक्षाची ‘अग्रणी भूमिका’ मान्य केली आणि देशाच्या आंतरराष्ट्रीय युतींना धक्का न लावण्याचे कबूल केले. हे वाक्य अनेक कामगारांना झोंबले. सल्लागारांनी आपल्याला विकले, असेही काही म्हणाले. पण पक्षाने राज्य चालवावे आणि युनियन मात्र आपण चालवू, हा त्या वाक्याचा अर्थ होता.

पक्षालाही तो अर्थ कळला असावा, कारण पुढच्या दोन महिन्यांत भांडण याच वाक्यावर झाले. देशभरच्या नव्या संघटनांनी १७ सप्टेंबरला एकत्र येऊन ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव घेतले. वॉर्साच्या न्यायालयाने नोंदणी करताना संघटनेच्या घटनेतच अग्रणी भूमिकेचे कलम घुसडले. देशव्यापी संपाची तयारी झाली, तेव्हा १० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मूळ घटनेतून काढून जोडपत्रात टाकले. साडेतीन कोटींच्या देशात वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद झाले. त्यांत पक्षाचेही लाखो लोक होते.

काही गोष्टी खरोखर मिळाल्या. डिसेंबर १९८० मध्ये जहाज कारखान्याच्या फाटकाबाहेर ४२ मीटर उंचीच्या तीन क्रुसांचे स्मारक उभे राहिले. रविवारची प्रार्थना रेडिओवर येऊ लागली. शनिवारचा प्रश्न तडजोडीने मिटला. महिन्यात एकच शनिवार कामाचा. सेन्सॉरचा नवा कायदा आला आणि वर्तमानपत्रांना कापलेल्या मजकुराची जागा कंसाने दाखवायची मुभा मिळाली. वाचायला मिळाले नाही तरी काही कापले गेले, हे वाचकाला कळू लागले.

पण एक कोटींच्या संघटनेला युनियनपुरते राहणे जमेना. वेगळी संघटना मागणारे शेतकरी आले, विद्यार्थी आले, पर्यावरणाच्या तक्रारी आल्या, शाळेतला इतिहास खरा शिकवा म्हणणारे शिक्षक आले. जायला दुसरी जागाच नव्हती. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८१ मध्ये ग्दान्स्कला भरलेल्या पहिल्या अधिवेशनाने ३७ कलमांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याचा गाभा ‘स्वयंशासित प्रजासत्ताक’ हा होता. कारखाने कामगारांच्या निवडून दिलेल्या मंडळांनी चालवावेत, स्थानिक संस्थांच्या निवडणुका मुक्त व्हाव्यात, न्यायालये स्वतंत्र असावीत. हे उद्दिष्ट ऑगस्ट १९८० च्या यादीपेक्षा फार पुढचे होते. अधिवेशनाने पूर्व युरोपातल्या कामगारांनाही स्वतंत्र संघटना काढण्याबद्दल शुभेच्छा पाठवल्या, आणि मॉस्को भडकले. स्वतःला घातलेली मर्यादा सुटत चालली होती. त्यात नेत्यांचा उतावीळपणा किती आणि सरकारने दिलेली वचने न पाळल्याने आलेला वैताग किती, यावर पोलिश इतिहासकारांत आजही वाद चालतो. दुकाने रिकामी होती, आणि रिकाम्या दुकानापुढच्या रांगेत संयम टिकवणे अवघड असते.

१३ डिसेंबर १९८१ च्या रविवारी सकाळी मुले दूरदर्शनसमोर बसली तर त्यांचा नेहमीचा कार्यक्रम लागलाच नाही. त्या जागी लष्करी गणवेशातले पंतप्रधान आणि पक्षप्रमुख जनरल यारुझेल्स्की आले. लष्करी कायदा पुकारला गेला होता. हजारो कार्यकर्ते रात्रीतून स्थानबद्ध झाले. फोन बंद पडले. पुढे सुरू झाले तेव्हा त्यांवर ‘संभाषणावर नियंत्रण आहे’ असा आवाज येई. १६ डिसेंबरला वुयेक कोळसा खाणीत बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन नऊ जण मेले. ऑक्टोबर १९८२ मध्ये संघटना बेकायदा ठरली.

या काळात उद्दिष्टे पुन्हा आक्रसली, आणि आक्रसल्यामुळे टिकली. स्वयंशासित प्रजासत्ताकाची भाषा मागे पडली. कैद्यांना सोडा आणि आमची संघटना आम्हाला परत द्या, एवढेच उरले. भूमिगत नेत्यांत एक वाद झाला. स्थानबद्ध असलेल्या कुरोन यांचे मत असे की, निर्णायक लढ्यासाठी केंद्रातून बांधलेली फळी हवी. वॉर्साचे झ्बिग्निएव बुयाक आणि इतरांना ते धोक्याचे वाटले. एका झटक्याने काही होणार नाही, लहान लहान छापखाने, वाचनालये, मदतनिधी, खाजगी वर्ग यांचे जाळे वर्षानुवर्षे चालू ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मार्ग निवडला गेला. हिंसा नको हा त्यामागे नैतिक आग्रह होताच, पण व्यवहारही होता. बंदूक उचलली असती तर सरकार आपल्या आवडीच्या मैदानावर आले असते, आणि एक कोटींतले किती जण बंदुकीमागे उभे राहिले असते?

सामान्य माणसाला करता येईल असा निषेध मात्र लोक शोधत राहिले. श्विदनिक या गावात फेब्रुवारी १९८२ मध्ये संध्याकाळच्या सरकारी बातम्या सुरू होताच लोक घराबाहेर पडून रस्त्यावर फिरू लागले. काहींनी टीव्ही संच खिडकीत, पडद्याची बाजू रस्त्याकडे करून ठेवले. फिरायला जाणे हा गुन्हा कसा ठरवायचा? सरकारने संचारबंदी अलीकडे ओढली, तर लोक त्याआधीच्या बातम्यांना फिरायला निघाले. व्रोत्सवाफमध्ये भिंतींवरच्या घोषणा पुसून जिथे रंगाचे डाग उरत तिथे तरुणांनी बुटक्यांची चित्रे काढली. ऑक्टोबर १९८४ मध्ये फादर येझी पोपिएउश्को या धर्मगुरूचा गुप्त पोलिसांनी खून केला. अंत्ययात्रेला लाखो लोक आले, आणि दगड एकही उडाला नाही.

१९८८ पर्यंत अर्थव्यवस्था सरकारच्या हाताबाहेर गेली. मॉस्कोत गोर्बाचेव्ह होते, रणगाड्यांची भीती ओसरली होती. त्या वर्षी दोनदा संप झाले. संप करणारे बहुतेक तरुण १९८० मध्ये शाळेत होते, पण त्यांनी मागितले ते जुनेच, पगारवाढ आणि सॉलिडॅरिटीला मान्यता. ६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल १९८९ अशी गोलमेज बैठक चालली. सरकारला वाटत होते की, विरोधकांना थोड्या जागा देऊन कटू आर्थिक निर्णयांची जबाबदारी वाटून घ्यावी. विरोधकांना मुख्यतः संघटनेची नोंदणी हवी होती. तिच्या मोबदल्यात त्यांनी अर्धमुक्त निवडणूक स्वीकारली. कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी १६१ जागा आणि नव्याने स्थापलेल्या सिनेटच्या सगळ्या १०० जागा खुल्या. नऊ वर्षांपूर्वी यादीतून मुद्दाम गाळलेली निवडणूक अशी मागच्या दाराने आली. ४ जूनला आणि दुसऱ्या फेरीत १८ जूनला मतदान झाले. खुल्या १६१ पैकी १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा सॉलिडॅरिटीकडे गेल्या. २४ ऑगस्टला संसदेने माझोविएत्स्की यांना पंतप्रधान निवडले. वालेसा डिसेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

फाटकावरच्या यादीचा हिशेब मात्र सरळ लागत नाही. वरच्या सहा मागण्या, म्हणजे संघटना, संप, छपाई, कैदी, बातमी आणि चर्चा, या १९८९ नंतर पुऱ्या झाल्या. संघटनेचा आणि संपाचा हक्क १९९७ च्या राज्यघटनेतही आला. खालच्या मागण्यांचे तसे झाले नाही. जानेवारी १९९० मध्ये नव्या सरकारने बाजार एकदम खुला केला. दुकाने भरली आणि कारखाने बंद पडू लागले. याआधी पोलंडमध्ये अधिकृतपणे नसलेली बेकारी काही वर्षांत लाखोंच्या घरात गेली. स्वयंशासित कारखान्यांचा कार्यक्रम कोणी पुन्हा काढला नाही. ज्या जहाज कारखान्यात हे सारे सुरू झाले, तो १९९६ मध्ये दिवाळखोर ठरला. शनिवारची सुट्टी मिळाली. निवृत्तीचे वय यादीत बायकांसाठी ५० आणि पुरुषांसाठी ५५ मागितले होते. ते आजही ६० आणि ६५ आहे, आणि मधल्या काळात एका सरकारने ६७ करण्याचा कायदा केला तेव्हा त्याच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्यांत सॉलिडॅरिटी युनियनही होती.

त्या दोन फळ्या लष्करी कायद्याच्या काळात ग्दान्स्कच्या सागरी संग्रहालयातल्या एका कर्मचाऱ्याने घरी दडवून ठेवल्या. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत घेतले. जहाज कारखान्याच्या जुन्या आवारात आता सॉलिडॅरिटीचे संग्रहालय आहे, आणि मांसाच्या कूपनांपासून शनिवारच्या सुट्टीपर्यंत सगळ्या एकवीस मागण्या तिथे काचेमागे वाचायला मिळतात.